वाचकांची प्रश्नोत्तरे: नव्या संगणकात वीज नेमकी कुठे अडते?

सुटे भाग आणून स्वतः जोडलेला डेस्कटॉप संगणक सुरू होत नाही, अशा आशयाची बरीच पत्रे या वेळी एकत्रितपणे उत्तरासाठी घेतली आहेत. बहुतेक पत्रांत कोणता प्रोसेसर घेतला, रॅम किती घेतली, कॅबिनेटला किती पंखे आहेत, याची तपशीलवार यादी असते. पण बटण दाबल्यावर काय घडले, याविषयी मात्र 'चालू होत नाही' एवढेच एक वाक्य असते. निदानाला यादीचा फारसा उपयोग होत नाही. पंखा क्षणभर हलला का, एखादा दिवा लागला का, संगणक किती सेकंदांनी बंद पडला, यावरूनच वीज कुठपर्यंत पोहोचली हे कळते. हे तपशील ज्यांनी लिहिले आहेत, अशी पत्रे येथे निवडली आहेत.

प्रश्न: माझ्या मुलीने सुट्या भागांपासून संगणक जोडला आहे. बटण दाबल्यावर काहीच होत नाही. पंखा हलत नाही, आवाज येत नाही. मदरबोर्डच्या कोपऱ्यात एक बारीक दिवा मात्र सतत लागलेला असतो. एका परिचितांच्या मते पॉवर सप्लाय निकामी आहे आणि तो बदलावा लागेल. तसे करावे का?

उत्तर: इतक्यात बदलू नका. तुम्ही जाता जाता उल्लेख केलेला तो बारीक दिवा हाच तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. पॉवर सप्लाय, म्हणजे ज्याला आपण सर्रास एसएमपीएस म्हणतो, त्याला भिंतीवरच्या सॉकेटमधून वीज मिळाली आणि त्याच्या मागचा खटका चालू स्थितीत असला, की संगणक बंद असतानाही तो जांभळ्या वायरीतून मदरबोर्डला 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो. तुमचा दिवा त्याच पुरवठ्यावर जळतो आहे. त्यामुळे सॉकेट, कॉर्ड, मागचा खटका आणि पॉवर सप्लायचा निदान स्टँडबाय विभाग या चारही गोष्टी संशयातून मुक्त होतात. हा दिवा लागत नसता, तर आधी त्याच सॉकेटवर दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे, कॉर्ड पॉवर सप्लायमध्ये शेवटपर्यंत दाबलेली आहे ना ते पाहावे आणि मागचा खटका 'ओ' ऐवजी 'आय' या खुणेकडे आहे याची खात्री करावी, असे मी लिहिले असते. सर्वच मदरबोर्डांवर असा दिवा नसतो, हेही इतर वाचकांनी लक्षात ठेवावे. काही जुन्या पॉवर सप्लायवर 115 आणि 230 व्होल्ट यांपैकी एक निवडण्याचा छोटा सरकता खटका असतो. जेथे पुरवठा 230 व्होल्टचा आहे तेथे तो 115 वर ठेवून वीज सुरू केल्यास पॉवर सप्लाय जागीच जळू शकतो, म्हणून तो खटका कॉर्ड लावण्यापूर्वीच तपासावा.

आता बटणाकडे वळू. कॅबिनेटवरील बटण दारावरच्या घंटेसारखे असते; ते वीज आणत नाही, केवळ वर्दी देते. बटण दाबले की मदरबोर्डवरील दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात. त्यानंतर मदरबोर्ड 24 पिनांच्या मोठ्या जोडणीतील 16 क्रमांकाची हिरवी वायर शून्य व्होल्टवर ओढतो. हा संकेत मिळाला की पॉवर सप्लाय 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करतो आणि ते स्थिरावल्यावर 100 ते 500 मिलिसेकंदांत करड्या वायरीवरून 'सर्व ठीक आहे' असे कळवतो. त्यानंतरच प्रोसेसरला काम सुरू करू दिले जाते. तुमच्या मुलीच्या संगणकात ही साखळी पहिल्याच कडीपाशी, म्हणजे बटण आणि त्या दोन पिना यांच्यामध्ये तुटलेली असण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

मदरबोर्डच्या खालच्या उजव्या बाजूस दोन ओळींत मिळून 9 पिना असतात, दहावीची जागा मोकळी असते आणि कॅबिनेटच्या पुढच्या भागातून येणाऱ्या बारीक वायरी तेथे बसतात. बहुतेक मदरबोर्डांवर पॉवर बटणाची जागा 6 आणि 8 क्रमांकाच्या पिनांवर, तर रीसेटची 5 आणि 7 वर, म्हणजे अगदी समोरासमोर असते. अपुऱ्या उजेडात, कॅबिनेटच्या तळाशी वाकून काम करताना प्लग एक घर सरकून बसणे किंवा समोरच्या ओळीत जाणे अगदी सहज घडते. बटणाच्या वायरी उलटसुलट बसल्या तरी बिघडत नाही. दिव्यांच्या वायरींना मात्र धन आणि ऋण बाजू असते, परंतु त्या उलट बसल्यास फक्त दिवा लागत नाही, संगणक अडत नाही. मदरबोर्डच्या पुस्तिकेतील आकृती समोर ठेवून जागा तपासावी. तरीही संशय राहिल्यास पॉवर बटणाचा प्लग काढून घ्यावा आणि त्या दोनच पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. संगणक सुरू झाला, तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. तोपर्यंत रीसेट बटणाचा प्लग पॉवरच्या पिनांवर लावून काम भागवता येते. टोक इतर पिनांना लागू नये एवढी दक्षता मात्र घ्यावी.

त्यानेही हालचाल झाली नाही, तर 24 पिनांची जोडणी पाहावी. तिचा प्लग 20 आणि 4 अशा दोन तुकड्यांचा असेल, तर दाबताना छोटा तुकडा वर सरकून राहतो. समोरून सर्व ठीक दिसते, पण बाजूने डोळा लावून पाहिले की प्लग आणि सॉकेट यांच्यामधली फट एका टोकाला रुंद दिसते. मदरबोर्डला मागून हाताचा आधार देऊन प्लगची पकड सॉकेटच्या कडेवर बसल्याचा 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबावे. नवीन प्लग चांगलेच घट्ट असतात आणि पहिल्यांदाच जोडणी करणारा माणूस बोर्ड मोडेल या भीतीने हात राखून दाबतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

पॉवर सप्लायवर संशय घ्यायचा तो या सगळ्यानंतर. कॉर्ड काढून सर्व केबल संगणकाच्या भागांपासून वेगळ्या कराव्यात, 24 पिनांच्या प्लगमधील हिरवी वायर आणि शेजारची कोणतीही काळी वायर एका तारेच्या तुकड्याने जोडावी आणि मगच कॉर्ड लावून मागचा खटका सुरू करावा. सर्वच वायरी काळ्या असतील तर पुस्तिकेतील आकृतीवरून 16 क्रमांकाचे घर शोधावे. पॉवर सप्लायचा पंखा फिरला, तर तो जागा होतो एवढे सिद्ध होते. तो पुरेसा भार पेलतो की नाही, हे या चाचणीतून कळत नाही. उलट पंखा फिरला नाही म्हणून तो मेला असेही म्हणता येत नाही, कारण कमी भारावर पंखा बंदच ठेवणारे पॉवर सप्लाय आता पुष्कळ आहेत. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरीवर 11.4 ते 12.6, लाल वायरीवर 4.75 ते 5.25 आणि नारिंगी वायरीवर 3.14 ते 3.47 व्होल्ट मिळायला हवेत. पॉवर सप्लायची पेटी मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. तिच्यातील मोठ्या कपॅसिटरवर कॉर्ड काढल्यानंतरही 300 व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो.

प्रश्न: माझ्या नव्या संगणकाचे सर्व पंखे फिरतात, रॅमवरचे रंगीत दिवेही लागतात, पण मॉनिटरवर 'सिग्नल नाही' एवढीच सूचना येते. मग वीजपुरवठा ठीक आहे असे धरून चालावे का?

उत्तर: धरून चालू नये. पंखे आणि रंगीत दिवे यांच्या झगमगाटाइतकी फसवी गोष्ट या कामात दुसरी नाही. त्यांना 24 पिनांच्या जोडणीतून वीज मिळते. प्रोसेसरला मात्र त्याची वीज 8 पिनांच्या एका स्वतंत्र जोडणीतून मिळते आणि ती जोडणी मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्यांच्या आड असते. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवल्यावर तेथे धड बोटेही पोहोचत नाहीत, म्हणून ती केबल राहून जाते किंवा अर्धवट बसते. ती नसेल, तर तुम्ही वर्णन केले आहे नेमके तसेच चित्र दिसते.

केबल लावलेली असेल, तर ती योग्य आहे का तेही पाहावे. प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची, दोन्ही केबलींची टोके 8 पिनांचीच असतात, परंतु प्रोसेसरची 4 आणि 4 अशी विभागते, तर ग्राफिक्स कार्डाची 6 आणि 2 अशी. दोन्हींमध्ये 12 व्होल्टची आणि शून्य व्होल्टची बाजू एकमेकींच्या उलट असते. चुकीची केबल बसू नये म्हणून घरांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. तरीही जोर करून ती बसवणारे बहाद्दर आहेतच. प्लग सरळ धरूनही जात नसेल, तर जोर वाढवण्याऐवजी त्याच्यावर काय छापले आहे ते वाचावे. महागड्या मदरबोर्डांवर या जोडणीशेजारी 4 किंवा 8 पिनांची आणखी एक जोडणी दिसते. ती अतिरिक्त असते. साधारण वापरात ती रिकामी राहिली तरी संगणक सुरू होण्यास सहसा अडथळा येत नाही.

यानंतर ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला वरून केबल द्यावीच लागते. 6 पिनांची केबल आणखी 75 आणि 8 पिनांची 150 वॅट देण्यासाठी आखलेली आहे. कार्डावर जितक्या जोडण्या आहेत तितक्या सर्व भराव्यात. एक भरली आणि एक रिकामी ठेवली तर बहुतेक कार्डे कामच करत नाहीत. मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी ग्राफिक्स कार्डाच्या सॉकेटमध्ये आहे ना, हेही जाता जाता पाहून घ्यावे. ज्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, त्याच्या बाबतीत मदरबोर्डवरील सॉकेटमधून कधीच चित्र येणार नाही.

तुमच्या मदरबोर्डवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशा नावांचे चार छोटे दिवे असतील, तर त्यांपैकी कोणता अडकून राहतो ते पाहावे, कारण तेवढ्याने अर्धा शोध संपतो. रॅमचा दिवा जळत असेल आणि रॅम डीडीआर 5 प्रकारची असेल, तर पहिल्या वेळी काही मिनिटे स्वस्थ बसावे. नव्या रॅमशी जुळवून घेण्याची प्रक्रिया तेवढा वेळ घेऊ शकते आणि त्या काळात पडदा काळाच राहतो. घाईने पुन्हा पुन्हा बंद-चालू केल्यास ती दर वेळी पहिल्यापासून सुरू होते.

प्रश्न: बटण दाबताच पंखे फिरू लागतात, पण एखाद्या सेकंदात सर्व बंद होते. काही वेळाने संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा बंद पडतो. पॉवर सप्लाय कमी क्षमतेचा असेल का?

उत्तर: निव्वळ सुरू होण्यासाठी संगणकाला फार वीज लागत नाही, त्यामुळे क्षमतेचा प्रश्न इतक्या लवकर उद्भवत नाही. येथे कुठेतरी शॉर्ट, म्हणजे वीज नको त्या वाटेने थेट जोडली जाणे, असण्याचा आणि तो जाणवताच पॉवर सप्लाय स्वतःला बंद करून घेत असण्याचा संभव अधिक आहे. तसे असेल तर तो नादुरुस्त नसून आपले काम चोख करतो आहे. कॅबिनेटमध्ये मदरबोर्डखाली पितळी आधार बसवलेले असतात. तुमच्या बोर्डच्या मापाला ज्या ठिकाणी भोक नाही, तेथेही एखादा आधार शिल्लक राहिला, तर त्याचे डोके बोर्डच्या मागच्या सोल्डरच्या डागांना टेकते. एखादा निसटलेला स्क्रू बोर्डखाली गेला असेल, किंवा मागच्या पत्र्याची वाकलेली जीभ यूएसबीच्या सॉकेटमध्ये शिरली असेल, तरी असेच घडू शकते.

यावर खात्रीचा उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. बोर्ड बाहेर काढून तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर ठेवावा. तो ज्या चकचकीत पिशवीतून येतो तिच्यावर ठेवू नये, कारण तिचा बाहेरचा थर काही प्रमाणात वीजवाहक असू शकतो. त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एकच पट्टी आणि वीजपुरवठ्याच्या दोन केबल ठेवून पिना टेकवून सुरू करावे. तेथे संगणक स्थिर राहिला, तर दोष कॅबिनेटमधील बसवणीत होता. मग एकेक भाग वाढवत जावे. दर वेळी भाग जोडण्याआधी कॉर्ड काढावी आणि पॉवरच्या पिना दोन-चार सेकंद टेकवून साठलेली वीज उतरू द्यावी.

दोन अपवाद सांगायला हवेत. नवा बोर्ड पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घेताना दोन-तीनदा स्वतःहून बंद होऊन सुरू होऊ शकतो. तो नंतर स्थिरावतो, हा फरक लक्षात ठेवावा. दुसरे असे, की संगणक एका सेकंदात नव्हे, तर दर वेळी साधारण चार सेकंदांनी बंद पडत असेल, तर कॅबिनेटचे बटण दाबलेल्या स्थितीत अडकले असावे. बटण चार सेकंद दाबून धरले की संगणक सक्तीने बंद करण्याची सोय असते आणि अडकलेले बटण तीच आज्ञा देत राहते. हा दोष शोधायला घड्याळाखेरीज काहीही लागत नाही.

प्रश्न: जुन्या पॉवर सप्लायच्या सुट्या केबल कॅबिनेटमध्ये नीट बांधलेल्या होत्या, म्हणून नवा पॉवर सप्लाय आणल्यावर त्याच केबल त्याला जोडल्या. सुरू करताच जळका वास आला आणि आता दोन्ही हार्ड डिस्क दिसत नाहीत. कंपनी तीच आहे, मग असे का झाले?

उत्तर: प्रथम कॉर्ड काढा आणि त्या सर्व केबल बाजूला ठेवा. केबलच्या मदरबोर्डकडील किंवा डिस्ककडील टोकाची रचना ठरलेली आहे. पॉवर सप्लायकडील टोकाची रचना मात्र कोणत्याही मानकाने बांधलेली नाही. प्लगचा आकार सारखा असल्याने केबल आरामात बसते, पण जेथे 5 व्होल्ट जायला हवेत तेथे 12 व्होल्ट जाऊ शकतात, आणि डिस्कला ते सोसत नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ही रचना वेगळी असू शकते. माझ्या मते हा निव्वळ उत्पादकांचा निष्काळजीपणा आहे. जी जोडणी चुकीची असताना बसते, ती चुकीचीच आखलेली असते.

डिस्कवरील माहिती मौल्यवान असेल, तर आशा सोडू नका. अनेक हार्ड डिस्कच्या सर्किट बोर्डवर जादा व्होल्टेज आल्यास स्वतः शॉर्ट होऊन पुढील भाग वाचवणारे छोटे डायोड असतात. माहिती परत मिळवून देणारा जाणकार ते बदलून डिस्क जिवंत करू शकतो. तोपर्यंत योग्य केबल लावूनही त्या डिस्क पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका.

प्रश्न: संगणक एरवी उत्तम चालतो, पण व्हिडिओ रेंडर करायला लावला किंवा गेम सुरू केला की एकदम बंद पडतो. ग्राफिक्स कार्डाला 16 पिनांची नवी जोडणी आहे.

उत्तर: बंद पडल्यावर तो बटणाने लगेच सुरू होतो, की पॉवर सप्लायच्या मागचा खटका बंद करून पुन्हा चालू केल्याखेरीज दाद देत नाही, हे आधी पाहावे. दुसरा प्रकार असेल, तर पॉवर सप्लायच्या संरक्षण यंत्रणेनेच वीज तोडली आहे. लगेच सुरू होत असेल, तर प्रोसेसरचे तापमान तपासावे. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहून जाणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. यूपीएस वापरत असाल, तर एकदा संगणक थेट भिंतीवरील सॉकेटला जोडून पाहावा, कारण भार वाढताच हात टेकणारे यूपीएसही कमी नाहीत.

16 पिनांच्या जोडणीविषयी थोडे अधिक लिहितो. ती 600 वॅटपर्यंत वीज नेण्यासाठी आहे. 12 व्होल्टवर 600 वॅट म्हणजे 50 अँपिअर होतात आणि ते 6 पिनांमध्ये वाटले जातात, म्हणजे प्रत्येक पिनेच्या वाट्याला 8 अँपिअरहून अधिक येतात. पिनेची क्षमता याहून फार जास्त नसते, त्यामुळे प्लग दोन मिलिमीटर बाहेर राहिला किंवा एखाद्या पिनेचा स्पर्श सैल झाला, तर तेथे उष्णता वाढून प्लास्टिक वितळू शकते. सुधारित आवृत्तीत संकेत देणाऱ्या चार छोट्या पिना आखूड केल्या आहेत, जेणेकरून प्लग पूर्ण बसल्याशिवाय कार्डाला पूर्ण वीज मागताच येऊ नये. तुमची जोडणी पहिल्या आवृत्तीची असेल, तर हे काम डोळ्यांनाच करावे लागेल: टॉर्च लावून प्लगच्या कडेला फट दिसत नाही ना, याची खात्री करावी. केबल प्लगपासून निदान तीन-साडेतीन सेंटिमीटर सरळ जाऊ द्यावी आणि मगच वळवावी. कॅबिनेटचे झाकण तिला दाबत असेल, तर कॅबिनेट लहान आहे असे समजावे. कार्डासोबत आलेला जोडतुकडा वापरत असाल, तर त्याच्या प्रत्येक 8 पिनांच्या टोकाला पॉवर सप्लायपासून स्वतंत्र केबल द्यावी. एकाच केबलला फुटलेली दोन टोके वापरू नयेत.

हे सर्व ठीक असूनही संगणक बंद पडत असेल, तर मग क्षमतेचा विचार करावा. ग्राफिक्स कार्ड अत्यल्प काळासाठी आपल्या सरासरीच्या कितीतरी पट वीज ओढते. एटीएक्स 3.0 या 2022 मधील मानकात मोठ्या पॉवर सप्लायने 100 मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या 200 टक्के भार सहन करावा, अशी अपेक्षा आहे. जुन्या रचनेचा पॉवर सप्लाय कागदोपत्री पुरेसा असूनही अशा झटक्यांना दगा देऊ शकतो.

प्रश्न: मोठ्या क्षमतेची एक हार्ड डिस्क यूएसबी पेटीत व्यवस्थित चालते, पण संगणकात लावली की फिरतच नाही. केबल बदलून पाहिली.

उत्तर: डिस्क बहुधा ठीक आहे. सर्व्हरसाठी बनवलेल्या काही डिस्कमध्ये साटा, म्हणजे डिस्कसाठी वापरल्या जाणाऱ्या चपट्या, वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनेवर 3.3 व्होल्ट आले की डिस्क बंद ठेवण्याची सोय असते, जेणेकरून ती दुरून रीसेट करता यावी. अनेक पॉवर सप्लाय त्या पिनेवर सतत 3.3 व्होल्ट देतात, त्यामुळे डिस्क कायम रीसेटमध्येच राहते. जुन्या चार पिनांच्या मोलेक्स टोकाला साटाचे टोक जोडणारी केबल लावावी, मोलेक्समध्ये 3.3 व्होल्टची वायरच नसल्याने अडचण उरत नाही. मात्र ही केबल घेताना साटाचे टोक एकसंध ओतीव प्लास्टिकचे नाही, हे पाहून घ्यावे. ओतीव टोकात वायरी आत सरकून एकमेकींना टेकण्याचा आणि आग लागण्याचा धोका असतो. ज्या टोकाच्या मागे झाकण असून प्रत्येक वायर आपापल्या खाचेत दाबलेली दिसते, तेच घ्यावे.